सुंदराबाईच्या हातचं

अलिबागच्या बाजूला जायचं तर जेवायचं कुठं, हे आमच्या अंबरनाथ एमआयडीसीत एकाच माणसाला विचारायचे. मला. कोंडाजी, राहणार मोरिवली, लेथ मशीनवर एकोणीस वर्षं. पेणला कुठला हॉटेलवाला शिळे वडे परत तळून देतो, नागावात खरी माडी कुणाकडे मिळते आणि पाणी घातलेली कुणाकडे, शहाळं कुठल्या वळणावर घ्यायचं, सगळं तोंडपाठ. उल्हासनगरचा एक सिंधी कापडवाला तर खास रिक्षा करून घरी यायचा. "कोंडाजीभाई, फॅमिली लेके जा रहा हूँ, खाने का किधर?" मी मिशीला पीळ द्यायचो. "नागाव. सुंदराबाई. दूसरी जगह गया तो मेरा नाम मत लेना."

मी ही शेखी मिरवत असायचो तेव्हा माझी बायको भागीरथी आत भाकऱ्या थापत असायची. खरं तर तिचंच सांगायला बसलोय, आणि बघा, सुरुवात माझ्यापासून केली. असलाच आहे मी.

भागीरथी सोनिवलीची. आगरी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, पण आमच्या दोघांच्याही घरी भातशेती. समुद्र तिने कधी बघितलाच नव्हता. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मोरिवलीत आली तेव्हा आमची शेती कारखान्यांत गेलेली होती, मला त्या बदल्यात नोकरी लागलेली होती. शेत नाही तर हिने मसाला धरला. चैत्र लागला की अंगणभर मिरच्या वाळत. बेडगी किती, संकेश्वरी किती, हे मोजमाप तिच्या मुठीत. सगळं भाजून डंकावर कुटून आणायची, बरण्या भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायची. अर्ध्या गावाचा मसाला तीच करायची. आणि हौस म्हणाल तर एवढीच, की नाकातून पाणी वाहत असताना गाणी म्हणायची.

गावात लग्न कुणाचंही असो, भागीरथी चुलीपाशी. मानाने बोलवायचे हो, पण चुलीपाशीच. तिला पंगतीत बसलेलं मी बघितलंच नाही. सगळे हात धुऊन विडे खायला लागले की ही टोपात उरलेलं उभ्याउभ्या खायची. घरीही तेच. मला कधी वाटलं नाही की यात काही चुकतंय. जेवण गरम मिळत होतं ना!

ब्याऐंशी साली कारखान्यातल्या आम्ही गड्यांनी पहिली सहल काढली. भाड्याची बस, चाळीस माणसं, पुढारी मी. नागावात माडांच्या सावलीत एका बाईने घरातच खानावळ मांडली होती. तीच सुंदराबाई. तिने ओल्या खोबऱ्याचं, कोकम घातलेलं पिवळसर कालवण वाढलं. गडी ओरडले, "कोंडाजी, हे काय आजाऱ्याचं जेवण!" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं तर मी ते कालवण दोनदा घेतलं होतं. नारळाचा गोडवा आणि मागून कोकमाची आंबट टोचणी, अजून जिभेवर आहे. पण चाळीस जणांपुढे तसं बोलायची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी मी भागीरथीच्या मसाल्याने डालडाचा डबा भरून नेला आणि सुंदराबाईच्या हातात दिला. "बाई, यात रांधा." झालं! गड्यांनी बोटं चाटली. त्यानंतर दर वर्षी डबा. सुंदराबाई हुशार, उरलेला जपून ठेवायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही तसंच करून घालायची. तिचं नाव झालं. माझंही झालं.

घरी येऊन मी काय सांगायचो, ऐका. "भागे, काय हात आहे त्या सुंदराबाईचा! तुला नाय जमायचं तसं." चिडवायला हो! डबा मसाल्याचा जातो हे तिला ठाऊक होतं, तीच भरून द्यायची. पण तिला वाटायचं, गडी जेवताना वरून घेत असतील. मी कधी खुलासा केला नाही. तिचं तोंड एवढंसं व्हायचं, आणि मला त्याचीच गंमत वाटायची. मेल्या कोंड्या, त्यात गंमत कसली होती?

एकदा ती चिडायच्या ऐवजी म्हणाली, "मना तिच्या हातचं एकदा खायाचं हाय. मांडी घालून. कुणीतरी वाढंल, मी खाईन. एवढंच."

बारशी, लग्नं, माझ्या आईचं दुखणं करता करता सात-आठ वर्षं गेली. माझा कारखान्यातला दोस्त भीमराव, अंबरनाथ स्टेशनपलीकडच्या बुद्धवाडीतला, त्याने शेवटी मला झापलं. "कोंडाजी, अख्ख्या दुनियेला जेवायचा पत्ता देतोस आणि वहिनीला कधी नेलंस?" म्हणून एक्क्याण्णव साली सहल बायकापोरांसकट काढली.

त्या वर्षी भागीरथीने डबा भरला नाही. "या टायमाला मी हाय, मसाला कशाला?" म्हणाली. लग्नातली मोरपंखी साडी नेसली. आणि मी काय केलं? ती बसमध्ये चढल्यावर परत घरात गेलो, बरणीतून डबा भरला आणि पिशवीत तळाशी लपवला. वाटलं, बायको पहिल्यांदा येतेय, जेवण फिकं निघायला नको. तिला सगळ्यांत चांगलं मिळावं असं वाटलं हो! आता सांगून काय उपयोग.

समुद्र बघून ती फार बोलली नाही. "बापरे, किती ते पाणी," एवढंच. तिचा सगळा जीव जेवणात. सुंदराबाईने पान मांडलं तसा पदर सावरून मांडी घालून बसली, पहिल्या पंगतीत. तांदळाची भाकरी आली, जिताडा माशाचं कालवण आलं. तिने घास घेतला आणि थांबली. तोंडातलं गिळेना की टाकेना.

"यो मसाला माझा हाय," म्हणाली.

सुंदराबाई हसत बाहेर आली. "तुमचाच की वो वयनी! दादा दर वर्षाला आणतात. आमचं खोबऱ्याचं त्यांच्या माणसांना चालत नाय." बिचारीला काय ठाऊक. भागीरथीने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं, चार माणसांत शिवी घातली असती तरी चाललं असतं. तिने मान खाली घालून सगळं पान संपवलं, आणि उठून आपलं ताट आपणच विसळलं.

निघताना सुंदराबाई तिला म्हणाली, "पुढल्या टायमाला या, माझ्या आईसारखं करून घालीन." बसमध्ये मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. भागीरथी खिडकीतून बघत म्हणाली, "बघू." पुढच्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं. सहली संपल्या. दोघंच एसटीने जाता आलं असतं, काय अडलं होतं? काही नाही. मी घरी बसून लोकांना पत्ते सांगत राहिलो.

शहाण्णव साली तिच्या पोटाचं दुखणं निघालं. उल्हासनगरच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून डॉक्टरांनी घरी सोडलं. तिखटाला मनाई. अन्नावरची वासनाच उडाली तिची. पेज दिली की म्हणायची, नको. तेव्हा मला ते पिवळं कालवण आठवलं. आजाऱ्याचं जेवण! दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो, एसटी बदलत नागाव गाठलं.

खानावळ मोठी झालेली, वर पत्रे, बाहेर पाटी: 'स्पेशल झणझणीत आगरी मसाला'. सुंदराबाईने ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला, लगेच नारळ फोडायला बसली. कालवण उकळलं. तिने चव घेतली, परत घेतली, कोकम टाकलं, मीठ टाकलं.

"दादा, जमंना," म्हणाली. "बारा-तेरा वर्सं वयनींसारखंच रांधतेय. तो मसाला सरला तसा मी तसाच कुटून घेते, गिऱ्हाईक दुसरं खात नाय. आईचं कसं होतं ते जीभ इसरली माझी." आणि बोलता बोलता तिचा हात मसाल्याच्या डब्याकडे गेला. चमचाभर पडला तेव्हाच तिला कळलं. आम्ही दोघंही त्या टोपात बघत राहिलो. रंग लाल होत गेला. दुसरं करायला वेळ नव्हता, शेवटची गाडी चुकली असती. तेच कालवण डब्यात घेऊन निघालो.

घरी आल्यावर भागीरथीला उशीला टेकवून बसवलं. मांडी घालता येत नव्हती. मी पहिल्यांदा तिला ताट वाढलं, पहिल्यांदाच. चमच्याने जिभेला लावलं. तिने डोळे मिटून चव घेतली.

"हे तिच्या हातचं? माझा मसाला नाय नेलास?"

"नाय. देवाशपथ."

 ती हसली, मनापासून हसली. "मंग तिचा हात माझ्यासारखाच हाय की रं. उगाच एवढी वर्सं जीव टांगला." आणि आणखी दोन चमचे घेतले, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना.

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्यानंतर तेराव्या दिवशी ती गेली. लोक अजून विचारतात, कोंडाजी, अलिबागला जेवायचं कुठं? मी म्हणतो, मला ठाऊक नाही.