जिन्याखालची बादलीवाली

चावीवाल्याला अख्खी गल्ली त्याच्यामागे ‘मूळव्याध’ म्हणायची. शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय याला चैन पडत नसे, आणि सांगायला लागला की ऐकणाऱ्याला धड बसवत नसे.

एकदा एक बाई धापा टाकत आल्या. दार ओढलं गेलेलं, चावी आत, दूध गॅसवर. महाशय कानस पुसत म्हणाले, “बाई, चावी हा शब्द आपला नाहीच मुळी. पोर्तुगिजांकडून आला. बादली त्यांचीच, बिजागरी त्यांचीच, पगारसुद्धा...”

“दूध माझं आहे हो,” बाई म्हणाल्या. “उठता का?”

एवढं तरी खरं होतं, कुठल्याशा फाटक्या पुस्तकात वाचलेलं. पण पुस्तक संपलं तरी याचं तोंड चालूच. मूळ ठाऊक नसलं की तिथल्या तिथे पेरून मोकळा. उशी म्हणे उशिरा उठणाऱ्यांनी काढली. बायको एवढंच म्हणे, “तुमच्या बडबडीचं मूळ सापडलं तर सांगा. उपटून टाकते.”

दुकान खाली, घर वर, मधे लाकडी जिना. उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरची आणि गल्लीतली पोरं त्या जिन्यावर धडाधड उड्या मारायची आणि याची दुपारची झोप मोडायची. रोज उठून ओरडायचं कोणी? मग याने पोरांना जमवून सांगितलं, की जिन्याखालच्या अंधारात शेकडो वर्षांची एक बादलीवाली राहते. फक्त सुट्टीत जागी होते. जो दंगा करेल त्याचा आवाज बादलीत भरून नेते. पोरं चिडीचूप. हा गाढवासारखा घोरत पडला.

पोरं मोठी होऊन पांगली ती बादलीवालीला बरोबर घेऊनच. आपापल्या कार्ट्यांना गप्प करायला असं फुकटचं औषध कुठे मिळणार? पुढे एखादं गिऱ्हाईक म्हणालं, “आमच्याकडे फार जुनी गोष्ट आहे ही.” की हा निर्लज्ज मान डोलवून म्हणे, “फार जुनी. समुद्रापलीकडची.”

मग एका सुट्टीत मुलगा-सून नातीला घेऊन राहायला आले. हा आठवडाभर आधीपासून गल्लीला तेच ऐकवत होता. नात पहिल्या पायरीशी आली आणि आईच्या कमरेला चिकटली ती सुटेना.

“बाबा, ही वर यायला तयार नाही,” मुलगा म्हणाला. “मी तिला बादलीवालीची गोष्ट सांगितली होती. आता आजोळी नेतो हिला. सुट्टी तिकडेच काढेल.”

चावीवाल्याचा चेहरा पडला. बायको वरून म्हणाली, “अहो, सांगा तिला, तुमच्याच सुपीक डोक्यातून निघाली म्हणून. एका वाक्याचं काम आहे.”

पण दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, गॅसवर दूध राहिलेल्या त्या दूधवाल्या बाईही त्यांत. त्या प्राचीन बादलीवालीचं मूळ आपल्या दुपारच्या झोपेत आहे, हे चारचौघांत कबूल करायचं?

“तिची बदली झाली,” तो म्हणाला.

नातीने विचार केला. “मग तिच्या जागी कोण आलं?”

झाली पंचाईत. मुलाने तर पिशवी परत उचलली.

“मी,” चावीवाला म्हणाला. आणि खरंच बादली उपडी घालून, गुडघे कुरकुरवत, तो जिन्याखाली जाऊन बसला. टकलावर जाळं, नाकात धूळ. नात वाकून बघत राहिली.

“आजोबा, उठणार नाही ना?”

“नाही.”

मग ती वर गेली. त्या सुट्टीत ती जिना चढताना-उतरताना या विद्वानाला हातातलं कुलूप टाकून तिथे घुसावं लागे. गिऱ्हाइकं ताटकळत आणि खुदखुदत.

एक दिवस तो असाच आत बसलेला असताना दूधवाल्या बाई आपल्या नातवाला दटावत होत्या. “हळू बोल. जिन्याखाली म्हातारा असतो. फार जुना आहे.”

चावीवाल्याने कान टवकारले. याचं मूळ तर त्याला तोंडपाठ होतं. त्याने तोंड उघडलं, तोच वरून हाक आली, “आजोबा, आहात ना?”

“आहे,” तो म्हणाला, आणि मुकाट बसून राहिला.