अँटेनाच्या जागी झेंडा

तेलगावच्या धुळाजीचं डोकं लवकर तापतं, हे खरंच आहे. पण कशानं तापतं ते तरी बघा! कुणी त्याला तोंडावर शिवी घातली तर तो हसून चहा मागवतो. जुन्या वायरलेस सेटचं झाकणसुद्धा न उघडता, मागचं लेबल वाचून "हा चालतो" म्हणणारा शहाणा भेटला, की मग मात्र त्याच्या तोंडाला लगाम राहत नाही.

गाडीत बसवायचे जुने वायरलेस सेट तो भंगारातून उचलून आणतो. बाहेरून सगळे जुळ्या भावांसारखे, आतून मात्र दोन तऱ्हांचे. एका तऱ्हेच्या सेटवर बोललेलं दुसऱ्याला ऐकूच येत नाही. आणि लेबलं तर लोक ह्याची त्याला चिकटवतात. म्हणून धुळाजी झाकण काढतो, आतला नंबर वाचतो, आणि मगच सेटला हो म्हणतो.

ऊसतोडीच्या टोळ्या चालवणारे मालक भगवानराव, त्यांच्या उसाच्या ट्रॅक्टरांवर सेट बसवले ते त्यानंच. परवान्याचं भगवानरावांनी बघितलं. डोंगरात मोबाइलला रेंज नाही, आणि घाटातली वाट एका गाडीपुरती. खालून चढणाऱ्यानं सेटवर सांगायचं, वरच्यानं ऐकून थांबायचं. वर काही ऐकू आलं नाही, तर वाट मोकळी.

धुळाजी टपावरचा रंग खरवडायला लागला तेव्हा भगवानराव ओरडले, "नवा ट्रॅक्टर हाय, रंग कावून खरवडतो बे?"

"मालक, बुडाला उघडं लोखंड लागल्याबिगर अँटेना नीट काम करीत न्हाई."

मग त्यानं ड्रायव्हरांना गोळा करून बजावलं, "अँटेना नसताना बोलायचं बटन दाबायचं न्हाई. सेट आतल्या आत जळतो. बाहेरून कळत बी न्हाई." सगळ्यांनी नंदीबैलावानी माना हलवल्या. धुळाजीनं पुन्हा सांगितलं, पुन्हा माना हलल्या. त्याचा एवढा जीव का तुटत होता? त्याची लेक रोहिणी आणि जावई त्याच ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून ऊस तोडायला जात होते.

आणि झालं काय? भगवानरावांची कुठल्याशा समितीवर निवड झाली. झाली तर झाली! पण मिरवणूक निघाली, आणि त्यांच्या फोटोचे झेंडे ट्रॅक्टरावर लावायचं ठरलं. टपावर काठी रोवायला आयती जागा कुठली? युवराज ड्रायव्हरनं अँटेना काढून पेटीत टाकली आणि तिथं झेंड्याची काठी पक्की आवळली. गुलाल उधळला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी तोच झेंडा फडकवत ट्रॅक्टर माणसं घेऊन निघाला.

घाटाच्या तोंडाशी युवराजनं बटन दाबलं. "युवराज बोलतोय. चढतोय." सेटवरचा तांबडा दिवा लागला, म्हणजे त्याच्या मते निरोप पोचला. वर दुसरा ड्रायव्हर, अभिमन्यू, उसानं भरलेल्या ट्रॉल्या घेऊन उभा होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही. वाट मोकळी समजून तो उतरायला लागला.

वळणावर दोघं समोरासमोर आले. युवराजनं ट्रॅक्टर डोंगराकडं दाबला आणि माणसांची ट्रॉली कलंडली. बाकीच्यांना खरचटलं. रोहिणीचा उजवा हात ट्रॉलीच्या कडेखाली सापडला. कोयता धरायचा हात.

अभिमन्यूनं आपल्या सेटवरून धुळाजीच्या दुकानातल्या सेटवर निरोप दिला. धुळाजी गाडी पळवत आला. आधी त्याला टप दिसला, टपावरचा झेंडा दिसला, आणि सगळं कळलं.

"मी बोललो हुतो काका, देवाशपथ बोललो हुतो," युवराज रडायला लागला.

"बोललास? कुणाला बोललास? झेंड्याला?" धुळाजीनं त्याच्या कानाखाली काढली. मग काठीवरून झेंडा ओढला, टराटरा फाडला आणि लेकीचा हात गळ्यात बांधला. एवढ्यानं त्याचा राग काय निवतो? दवाखान्यापर्यंत तो भगवानरावांच्या नावानं ओरडत होता.

थोड्या वेळानं भगवानराव आले, मागे चार माणसं घेऊन. खाटेजवळ थांबले. त्यांची नजर पोरीच्या चेहऱ्यावर गेली नाही, हातावरही नाही. गेली ती कापडावर. त्यांच्याच फोटोचा अर्धा चेहरा तिथं रक्तानं भिजला होता.

"झेंडा कुणी फाडला बे?"

बस्स, एवढंच विचारलं माणसानं! धुळाजीच्या मुठी वळल्या. तो तोंड उघडणार, तेवढ्यात रोहिणी धडपडत उठून बसली. डाव्या हातानं तिनं पदर सावरला आणि मान खाली घातली.

"चुकलं, मालक. दुसरं कापड न्हवतं. धुवून देते."

धुळाजी लेकीकडं बघत राहिला. इतका वेळ ओरडणारा माणूस, पण आता त्याचा आवाज चढला नाही. नजर मात्र त्यानं भगवानरावांवर रोखली.

"कोणच्या हातानं धुतीस गं?"