मेस्त्रीच्या गंजक्या वाघिणी

माणसं जुन्या वस्तूला रंग देऊन नवी करतात. आमच्या वालावलच्या गंगाराम मेस्त्रीने सहा नव्याकोऱ्या वस्तू जुन्या करण्यात अख्खा श्रावण घालवला.

गोव्याच्या एका खाणीत त्याने अकरा वर्षं काढली होती. मातीने भरलेल्या वाघिणींची, म्हणजे रुळांवरच्या मालडब्यांची, चाकं आणि दारं दुरुस्त करायचं काम. निदान तो तसं सांगे. त्याचा मेहुणा लवू मुंबईला गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. दर चतुर्थीला गावी आला की तो भरल्या पंगतीत सांगे, भावजी तिथे डबे ढकलत होते, आणि तेही एकट्याने ढकलत नसत. बासष्ट सालच्या चतुर्थीआधी मेस्त्रीने ठरवलं, लवूचं तोंड एकदाचं बंद करायचं. गणपतीपुढे खाणीची छोटी रेल्वे मांडायची, हुबेहूब.

रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून त्याने वीतभर लांबीच्या सहा वाघिणी केल्या. चाकं शिंप्याकडच्या रिकाम्या रिळांची, रूळ मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. इथेच थांबला असता तर गावाने कौतुक केलं असतं. पण पत्रा चकाकत होता, आणि चकाकणारी वाघीण म्हणजे मेस्त्रीच्या मते नवरीची ट्रंक. त्याने लाल माती फासली, चुलीतली राख चोळली, दगडाने कडा ठेचल्या. तरी गंज मनासारखा येईना. श्रावणात घरात मासे बंद, त्यामुळे खाऱ्या बांगड्यांचं मडकं कोपऱ्यात बेकार पडलं होतं. त्यातलं खारं पाणी काढून या विद्वानाने रोज दोनदा वाघिणींना पाजलं. आठ दिवसांत असा गंज चढला की भंगारवाल्यानेही नको म्हटलं असतं. मेस्त्रीला वास आला नाही. त्याचं नाक बहुधा खाणीतच राहिलं असावं.

चतुर्थीला भटजी पूजेला बसले. मंत्र म्हणता म्हणता थांबले, गणपतीवर टांगलेल्या माटवीच्या फळांकडे पाहिलं, मग समईकडे, मग मेस्त्रीकडे. तेवढ्यात घरचं मांजर आलं आणि एका वाघिणीत तोंड खुपसून चाटत बसलं. मडकं भरणाऱ्या मेस्त्रिणीला, शेवंतीला, सगळं उमगलं.

"देवाफुडे बांगडे वाढलात?" ती अगदी हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रेल्वे रुळांसकट पडवीत गेली. भटजींनी गोमूत्र शिंपडून घेतलं. लवू इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मेस्त्री मोदकही न खाता पडवीत जाऊन खांबाला टेकला.

जेवण झाल्यावर लवू विडी ओढायला आणि उरलेलं हसायला बाहेर आला. सवयीने उकिडवा बसला. गिरणीतला माणूस; यंत्र दिसलं की हात गप्प राहत नाही. त्याने चाकं फिरवली, दारं उघडून पाहिली. विडी विझली तरी त्याला कळलं नाही.

"भावजी, ह्या डब्याचा दार लागना नाय."

"खाणीतला तरी खंय लागत हुता? लाथ मारूची लागा."

"खंय?"

"बिजागरीच्या खाली."

लवूने तिथे बोटाने टिचकी मारली. दार लागलं. त्याने ते उघडलं, परत टिचकी मारली. मग विचारलं, की चढावर भरलेला डबा मागे येऊ नये म्हणून काय करत. मेस्त्री खांब सोडून पुढे सरकला.

दिवेलागणीपर्यंत हे दोन शहाणे पडवीत वाघिणी पुढेमागे करत होते. लवूने एका हाताने रुमाल नाकाला लावला होता.