कडुलिंबाशी थांबणारी गाडी

जी वस्तू आपली मुकाट्याने बरी चालली आहे ती माझ्या मामेसासऱ्यांच्या दृष्टीस पडू नये, एवढं एकच मागणं मी लग्न झाल्यापासून देवाकडे करत आलो आहे आणि देवाने ते एकदाही ऐकलेलं नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म बोअरिंग मशीन चालवलं, म्हणजे इंजिनांच्या सिलिंडरांची भोकं आतून कातून मोठी केली, आणि निवृत्त झाल्यावरही जगातली पुष्कळशी भोकं अजून लहानच राहिली आहेत असं त्यांचं ठाम मत आहे. मामींच्या मिक्सरला त्यांनी कुठल्याशा पंपाची मोटर जोडली तेव्हा शेंगदाण्याची चटणी छताला लागली. ती तिथे अजून आहे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी जाडी मोजायचा व्हर्नियर असतो आणि बोलता बोलता तो कशालाही लागतो. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलब्यांची जाडी मोजून आचाऱ्याला बोलावून घेतलं होतं. "एकीला एक जुळंना की हो," एवढंच ते म्हणाले, पण आचारी त्यानंतर पंगतीकडे फिरकला नाही. एखादी गोष्ट होण्यासारखी नाही असं तुम्ही त्यांना सांगा, ते कन्नडमध्ये "आगतद!" म्हणतात. आगतद म्हणजे होतं, होणार. हा शब्द कानावर आला की मी जवळपासची काचेची भांडी उचलून ठेवतो.

मामांचं घर धारवाडात सप्तापूरला, एका चढाच्या तळाशी. चढाच्या माथ्यावर दत्ताचं देऊळ आहे आणि तिथल्या गुरुवारच्या भजनात मामी चाळीस वर्षं पेटी वाजवत आल्या. मग गुडघे गेले. स्कूटरवर बसवेना, आणि देवळाची वाट अशी चिंचोळी की रिक्षा चार बोटांनी अडते. एक गुरुवार चुकला, दुसरा चुकला. तिसऱ्या गुरुवारी मामींनी पेटीवर खोळ चढवली आणि नाड्या घट्ट बांधल्या. ते मामांना बघवलं नाही. गोव्याच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने बॅटरीच्या गाड्या घेतल्या होत्या आणि गोल्फच्या मैदानावरच्या जुन्या पेट्रोलच्या गाड्या भंगारात काढल्या होत्या. त्यातली एक मामांनी टेम्पोत घालून आणली. चार चाकं, वर छत, दोघांपुरतं बाक आणि बाकाखाली एका सिलिंडरचं एवढंसं इंजिन. देवळाच्या वाटेत ती बरोबर मावली. पहिल्या गुरुवारी मामा स्टिअरिंगला, शेजारी मामी, मागे पेटी, असे निघाले. निम्म्या चढावर एक कडुलिंब आहे, तिथे गाडीने मान टाकली. मामांनी ब्रेक सोडत सोडत ती उलटी घरी आणली. "पावर कमी पडली," ते म्हणाले. "बोअर वाढवू. आगतद!"

पुढची तीन वर्षं विसरता आली असती तर बरं झालं असतं. चाचणीला मामींना कशाला त्रास, म्हणून मामांनी मला पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभं केलं. "तुमचं न् हिचं वजन एकच भरतंय बघा, जावईबापू," असं ते आनंदाने म्हणाले, आणि तेव्हापासून दर रविवारी मामींच्या जागी मी आणि पेटीच्या जागी माझ्या मांडीवर ज्वारीची पिशवी, अशी आमची वरात निघू लागली. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला अशा अवस्थेत त्याच्या विद्यार्थ्यांनी पाहू नये, पण सप्तापुरात विद्यार्थ्यांशिवाय राहतं कोण? पहिल्यांदा सिलिंडर कातून मोठा पिस्टन घातला. गाडी कडुलिंबाच्या पुढे दहा पावलं गेली आणि तापून बंद पडली. वारा लागावा म्हणून पंखा मोठा केला, तर त्याचा पट्टा तुटून ज्वारीच्या पिशवीवर बसला आणि चढभर ज्वारी सांडली. मग क्रँक, म्हणजे पिस्टनखालचा वाकडा दांडा, बदलला. नवा क्रँक आतल्या आत असा आपटला की इंजिनाच्या पोटालाच तडा गेला. तडा वेल्डिंगने भरून पुन्हा बोअर वाढवलं. दर वेळी मामी चहा घेऊन अंगणात येत. "जमलं का हो?" असं विचारत. "येत्या गुरुवारी नक्की," मामा म्हणत. भजनातल्या बायका आधी दर आठवड्याला मामींची चौकशी करायला येत, मग सणासुदीला येऊ लागल्या, मग यायच्या थांबल्या. मला हे सगळं दिसत होतं आणि कितीदा तरी वाटलं की मामांना हात जोडून सांगावं, आता पुरे. पण मी तोंड उघडलं की मामा चिंधीला हात पुसत म्हणत, "हिला एकदा वर न्यायचंय हो. मग न्हाई हात लावत कशाला." मग मी पुन्हा पिशवी मांडीवर घेऊन बसत असे.

आणि एका रविवारी गाडी चढली. कडुलिंब कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. माझे दात एकमेकांवर वाजत होते, कुत्री पळत होती, देवळातले पुजारी कानांवर हात ठेवून बाहेर आले होते, आणि मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुवारी मामी नवं लुगडं नेसून बसल्या. मी मागून चालत होतो. कडुलिंबाशी मामींनी मामांच्या दंडावर हात ठेवला.

"थांबवा हो. हादऱ्यानं गुडघ्यात कळा येतायत."

मामांनी इंजिन बंद केलं. "पावर तर आता भरपूर आहे की," ते म्हणाले.

"पावर पहिल्यापासनं होती," मामी म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही उतरून मागनं चालला असता, तर मी तेव्हाच वर पोचले असते."

मामांचं वजन नव्वद किलो. गिरणीतल्या काट्यावर त्यांनी मला चढवलं, ज्वारी चढवली, स्वतः कधी चढले नाहीत.

"न् चालवणार कोण?" मामांनी हळूच विचारलं.

"मी. पायानं दाबायचं, हातानं फिरवायचं. एका हातानं भाता, दुसऱ्यानं सूर, जन्मभर तेच केलं की मी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही माझ्यासाठी करत होता. तुमचं मन मोडवेना मला."

मामा त्यावर आगतद म्हणाले नाहीत. गाडी उतारावरून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडर काढून बेलूरला नेला. कातलेलं लोखंड परत येत नाही, पण आतून नवी नळी ठोकून भोक पहिल्याइतकं करता येतं. मूळचा पिस्टन आणि क्रँक त्यांनी तेलकट कागदात गुंडाळून जपून ठेवले होते. मामांनी आयुष्यात एक भोक लहान केलं ते एवढंच.

पुढच्या गुरुवारी मामी एकट्या गाडीत बसल्या. गाडी माणसाच्या चालीने फुटफुटत निघाली, आणि मामा छताची मागची दांडी धरून धापा टाकत चालले. कडुलिंब आला तेव्हा मामा आणि त्यांच्या मागून चालणारा मी, दोघेही त्याच्याकडेच बघत होतो. मामींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. देवळात पेटीवर आता एका शाळेतल्या संगीताच्या बाई बसत होत्या. मामींना पाहताच त्या उठल्या. "अक्का, बसा, तुमचीच जागा." मामी बसल्या, भाता उघडला, भजन सुरू झालं. एक ओळ झाली, दुसरी अर्ध्यावर अडखळली, पुन्हा उचलली, पुन्हा अडखळली. मामी हसल्या आणि पेटी त्या बाईंकडे सरकवली. "तूच वाजव गं. माझी बोटं आता वळेनात. मी टाळ धरते."

आम्ही दोघे बाहेर पायरीवर होतो.  मामांनी विचारलं, "हिची बोटं कधी अशी झाली हो, जावईबापू?"

तीन वर्षं मी मामींच्या जागेवर बसलो होतो आणि दर रविवारी त्यांच्या हातून चहाचा कप घेतला होता. तो कप धरणारी बोटं मी कधी पाहिलीच नव्हती. मामांनी खिशातला व्हर्नियर काढला, उगाच उघडला, मिटला आणि परत ठेवून दिला. आत सगळ्यांचे टाळ वाजत होते आणि त्यांत मामींचा कुठला, ते आम्ही दोघे ऐकत बसलो.