मंगलामावशींच्या बॅगेतला दीड किलो

"एकाला पाव किलो. मग तो सख्खा भाचा असो नाहीतर कलेक्टर!"

अमेरिकेला निघायच्या आधी महिनाभर मंगलामावशी नाशिकच्या हिरावाडीत भेटेल त्याला हे ऐकवत. दर उन्हाळ्यात त्या टेक्सासला लेकीकडे, आभाकडे जात आणि श्रावण संपता संपता परतत. जाताना बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, नागलीचे पापड. येताना कॉम्प्युटरचे सुटे भाग. सुरुवात झाली भाच्यापासून. त्यानं रॅमची पट्टी मागवली होती. "पट्टी म्हणजे फूटपट्टीएवढी असेल, असं वाटलं मला. ही तर केसांच्या क्लिपएवढी! आणि एवढ्यासाठी तो दोन महिने माझ्या नावानं जप करत होता." मग भाच्याचा मित्र आला, मित्राची बहीण आली. कुणाला प्रोसेसर, कुणाला जुन्या लॅपटॉपचा इथं न मिळणारा कीबोर्ड. देवळाली कॅम्पातून एका सुभेदाराची मुलगी ग्राफिक्स कार्डाचं विचारायला आली, तेव्हा मावशींनी फोटो बघितला आणि साफ नकार दिला. "याला पंखे आहेत. पंखे आपल्याकडे मिळतात."

प्रत्येकाचा भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला जाई, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधला जाई, वर नावाची चिठ्ठी आणि आत खरेदीचं बिल. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळलेली बाई. परीक्षानळ्या पोत्यानं आल्या, पण त्यांच्या हातून एक तडकली नाही, अशी त्यांची ख्याती.

त्याच शाळेत तेजश्री शिकली. तेव्हापासून त्या तिच्या मावशी. म्हणून एप्रिलमध्ये, ज्या दिवशी तिच्या हातून तो घोटाळा झाला, त्या दिवशी ती घरी कुणाशी बोलली नाही. दुरुस्तीच्या दुकानातून थेट हिरावाडीत गेली.

"मावशी, मला दीड किलो पाहिजे."

"बस आधी. पाणी पी. दीड किलो काय? काजू?"

तेजश्री रडायलाच लागली.

तिचे वडील चिंतामणगुरुजी रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. घराण्याकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या: कोणत्या गावचं कोणतं कुटुंब कधी आलं, कुणी कुणाचं श्राद्ध केलं, कोण कुणाचा नातू, पार आठ-आठ पिढ्या. तेजश्रीनं कॉलेजात असल्यापासून त्या वह्यांचं पानन्‌पान स्कॅन करायला घेतलं. नऊ वर्षं खपली. मधल्या एका पुरात गोदावरीचं पाणी तळमजल्यावरच्या खोलीत शिरलं आणि बागलाणकडच्या यजमानांच्या चार वह्यांचा लगदा झाला. गुरुजी दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी तेजश्रीनं त्या चारही वह्या त्यांना कॉम्प्युटरवर उघडून दाखवल्या. तेव्हापासून गुरुजी आल्यागेल्याला सांगत, "आमच्या वह्या आता पाण्यात भिजत नाहीत."

सगळं एका मोठ्या हार्ड डिस्कवर होतं. दुसरी प्रत करायची करायची म्हणून राहिलेली. आणि एप्रिलमध्ये घाईघाईत तिनं त्या डिस्कला लॅपटॉपचा चार्जर जोडला. पिन तीच, बसलीही छान. चट् असा आवाज आला, जळका वास आला, दिवा विझला.

"आतली तबकडी शाबूत हाय ताई," शेखरनं सांगितलं होतं. शेखर मूळचा दिंडोरीकडचा. घरी द्राक्षबाग, पण याचं मन सोल्डरिंगमध्ये. त्याचं दुरुस्तीचं दुकान पंचवटी कारंजाजवळ. "तुमचा डेटा कुठं जात नाय. पण खालची ही हिरवी पाटी जळालीय. हिच्यावरचा नंबर बघा. सेम टू सेम ह्याच नंबरची पाटी लागंल. एक आकडा इकडंतिकडं झाला तर डिस्क फुकट. डिस्क लय जुनी, इथं मी सगळीकडं फोन लावून विचारलं, नाय मिळाली. बाहेरदेशी जुना माल विकणारे असत्यात. पाटी सुटी नाय मिळत, आख्खी डिस्कच घ्यावी लागंल. दोन मागवा, एक फसली तर दुसरी."

हे सगळं मावशींनी ऐकून घेतलं. "गुरुजींना माहितीय?"

"नाही. सटाण्याचे लोक यायचेत पितृपक्षात. त्यांची वही त्या चारातलीच. बाबा म्हणाले, पान काढून ठेव. मी हो म्हणाले."

मावशींनी चष्मा काढून पुसला. "दीड किलो म्हणजे सहा जणांचा वाटा होतो."

"माहितीय मला."

"लिही इथं कागदावर नंबर. ठळक लिही. आभाला चष्मा लागलाय, पण लावत नाही."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावशी परतल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला रिक्षा करून थेट शेखरच्या दुकानात हजर; तेजश्री तिथं आधीच आलेली. झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं झालेलं, डोळे तारवटलेले, पण साडीची इस्त्री कडक. मांडीवर सुती गाठोडं.

"विमानतळावर त्या साहेबानं उघडायला लावलं बरं का," त्या रंगात येऊन सांगू लागल्या. "म्हणाला, 'माताजी, ये क्या है?' मी म्हटलं, 'हार्ड डिस्क है. गुरुजी की वह्या बचानेवाली है.' तो म्हणे, 'पुरानी है?' मी म्हटलं, 'पुरानी है, लेकिन ये देखो बिल.' बिल बघितलं, मला बघितलं, आणि म्हणतो कसा, 'इतनी चमक कैसे रही है?' मी म्हटलं, 'साफ की है मैंने!'"

शेखर हसला. तेजश्री हसली नाही.

"साफ केली म्हणजे?"

"म्हणजे काय! कुणाकुणाच्या घरातून आलेल्या त्या. चिकट, कळकट. गुरुजींच्या देवघराशेजारी ठेवायची वस्तू अशी द्यायची? तीन-तीन चिकटपट्ट्या होत्या एकेकीवर. खोबरेल लावून रात्रभर ठेवलं, सकाळी अलगद सुटल्या. अगं, शाळेत जुनं लेबल काढल्याशिवाय मी बाटली कपाटात घेतली नाही कधी."

त्यांनी गाठोडं सोडलं. दोन डिस्का आरशासारख्या लख्ख. एकीवरही अक्षर नाही.

मावशींनी आधी शेखरकडं पाहिलं, मग तेजश्रीकडं.

"काय झालं?"

"मावशी, नंबर त्या लेबलांवर होता," तेजश्री म्हणाली. "कुठली जुळते ते आता कसं कळणार?"

"पण तू तर नंबर पाटीचा सांगितलास. वरच्या चिठ्ठ्यांचा कुठं म्हणालीस?"

"मला काय माहीत तुम्ही घासायला बसाल!"

बोलून झाल्यावर तिला वाटलं, जीभ हासडून टाकावी. मावशी मांडीवरच्या कापडाची घडी करू लागल्या. केलेली घडी मोडून परत करू लागल्या.

"भांडू नका वो," शेखर म्हणाला. "तुमाला दाखवला होता तसा पाटीवर बी बारीक छापलेला असतो, आतल्या बाजूला. पण मावशी, खरं सांगा. हिरव्या बाजूला काय लावलंत? पाणी?"

"पाणी? मी काय वेडी आहे? स्पिरिट. टूथब्रशनं. आणि कोरडं होईस्तोवर हात लावला नाही."

शेखरनं कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं हसला. "आमीबी तेच लावतो! अन् तेल? तेल खाली उतरलं असंल तर?"

"उतरू देईन मी? कड्यांना कापूस लावला होता."

"मग जमंल काहीतरी. बघतो." त्यानं भिंगाचा दिवा ओढून घेतला आणि पहिल्या डिस्कचे स्क्रू काढायला घेतले.

तेजश्रीला स्वस्थ बसवेना. विक्रेत्यानं जाहिरातीत लेबलाचा फोटो टाकला असेल, तो तरी मिळेल, म्हणून तिनं आभाला मेसेज केला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले असतील. तरी लगेच उत्तर आलं.

"जाहिरात त्यांनी काढून टाकली गं. का, काय झालं? चालत नाहीये का? प्लीज चालू दे. आईनं त्या दीड किलोसाठी माझ्या ओमचा वाडगा इथं ठेवला. शाळेत मातीचा केलाय त्यानं, भट्टीत भाजलेला, हा एवढा जड. आज्जीसाठी म्हणून केलेला. वजन भरेना तर आई म्हणाली, वाडगा काढ. ओम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. विमानतळावर मात्र बिलगून रडला."

तेजश्रीनं मेसेज दोनदा वाचला. समोर स्टुलावर मावशी बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर शेखरच्या स्क्रूड्रायव्हरवर. शाळेत प्रयोग चुकला की मुली जशा बसायच्या, अगदी तशा.

ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, वाडग्याचं सांगितलं नाहीत तुम्ही."

"आभीच्या पोटात काही राहत नाही."

"इतर कुणाचा तरी भाग कमी करायचा ना."

"कुणाचा? त्या सुभेदाराच्या पोरीची परीक्षा आहे. ते पंखेवालं नाही म्हटलं, मग निदान कीबोर्ड तरी नको तिला? भाच्याला नाही म्हटलं तर माझी बहीण बोलेल का माझ्याशी? माझ्या वस्तूंनाच तेवढं नाही म्हणता येतं मला." मग हलक्या आवाजात, "आणि वाडगा कुठं पळून जातोय? पुढच्या वर्षी आणीन. पण तेजू, हे जर माझ्या घासण्यापायी गेलं असेल ना, तर मी पुन्हा कुणाचं काही आणणार नाही बघ. मला तोंड नाही."

"असं नका म्हणू. मघाशी मी जे बोलले…"

"बरोबरच बोललीस. घासायला बसले खरी."

"ही नाय," शेखर म्हणाला. दोघी उठून उभ्या राहिल्या. "पहिलीचा शेवटचा आकडा वेगळा हाय. बसा, बसा. अजून एक हाय ना."

दुसऱ्या डिस्कची पाटी त्यानं उलटी करून भिंगाखाली धरली. ओठ हलवत एकेक आकडा वाचला. मावशींच्या गाठोड्यातला एप्रिलमधला तो कागद तेजश्रीनं त्याच्यासमोर धरला. शेखरनं तो काढून घेऊन टेबलावर ठेवला.

"सेम," तो म्हणाला. "सेम टू सेम. अन् मावशी, इतकी स्वच्छ पाटी मी आजवर पाह्यली नाय. येतात त्या कशा असत्यात सांगू? वर धुळीचा थर, आत मेलेली झुरळं."

"मग काय! मी उगीच घासते का?" मावशी ताठ बसल्या. पण डोळे पुसायला पदर वर गेलाच.

काम मात्र संपलं नव्हतं. जळक्या पाटीवरची एक तांदळाएवढी चिप काढून ती नव्या पाटीवर बसवायची होती. डिस्कची स्वतःची ओळख त्या चिपमध्ये असते, ती गेली तर सगळंच गेलं. शेखरनं पंखा बंद केला. "आता तासभर कुणी बोलायचं नाय. शिंकायचं तर भाईर जाऊन."

तो तास तसाच गेला. रस्त्यावर रिक्षावाले बस स्टँडच्या सवारीसाठी 'सीबीएस, सीबीएस' ओरडत होते. मावशींना झोप अनावर झाली होती, मान पुढं यायची, त्या दचकून सरळ बसायच्या.

मग शेखरनं पाटी डिस्कला लावली, स्क्रू पिळले, योग्य तो चार्जर तीनदा तपासला आणि बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग आतून एक बारीक घरघर सुरू झाली, चढत गेली आणि एका सुरात स्थिरावली. पडद्यावर खिडकी उघडली. पिवळ्या फोल्डरांची रांग. पेठ. सुरगाणा. चांदवड. बागलाण एक, बागलाण दोन, तीन, चार.

तेजश्रीनं बागलाण तीन उघडलं. पणजोबांच्या हातची मोडी, बाजूनं आजोबांची बाळबोध अक्षरं, कडेला पाण्याचा डाग नसलेलं स्वच्छ पान. तिनं वाकून मावशींच्या पायाला हात लावला.

"अगं, अगं! गुरुजींची लेक तू, माझ्या कसली पाया पडतेस! त्या पोराला काहीतरी म्हण."

"मला काय म्हणायचंय, मला च्या पाजा," शेखर म्हणाला. "अन् आधी कॉपी. दोन ठिकाणी. साडेपाच तास दाखवतोय. तोवर हिला हात लावायचा नाय."

तेजश्रीनं मग फोन लावला. आता तिला थांबायचं नव्हतं. "बाबा, एक सांगायचंय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: चार्जर, वास, जळलेली पाटी, खोटं 'हो'. पलीकडे रामकुंडावरचा गलबला ऐकू येत होता.

"किती दिवस झाले याला?" गुरुजींनी विचारलं.

"साडेचार महिने."

"आणि साडेचार महिने तू एकटी हे पोटात घेऊन जेवत होतीस? माझ्यासमोर बसून?"

"एकटी नाही. मावशींना माहीत होतं."

"आहेत का त्या तिथं? दे."

गुरुजींचा फोन म्हटल्यावर मावशी स्टुलावरून उठल्या, डोक्यावर पदर घेतला. "नमस्कार गुरुजी. अहो छे, छे, मी काय केलं? उलट मीच घोळ घातला, लेबलं काढून बसले… हो, खोबरेलानं… हो, मग स्पिरिट… नाही हो गुरुजी, साडीबिडी काही नको. खरंच नको… काय?… अहो, मला नाही जमणार… बरं. बरं, तुम्ही म्हणता तर."

फोन परत देताना त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सटाण्याचे लोक येतील तेव्हा तुम्ही येऊन बसायचं. आणि त्यांचं पान तुमच्या हातानं उघडून दाखवायचं."

"मग?"

"मग काय मग! मला तो माउस कुठं धरता येतो?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बंद कॉम्प्युटरकडं बघितलं, पदर खोचला. "शेखर, हा चालू कर रे. साडेपाच तास आहेत ना? तेजू, ये इकडं. शिकव."

तेजश्रीनं त्यांचा हात माउसवर ठेवला. पडद्यावरचा बाण एकदम कोपऱ्यात जाऊन दिसेनासा झाला.

"हळू मावशी. दाबू नका. नुसता धरा."