कानतुटीचा वंश

जतच्या पूर्वेकडच्या माळावर बिरदेवइतका संशयी माणूस शोधून सापडला नसता. घरच्या म्हशीची धार घरचीच माणसं काढायची, तरी दुधात पाणी पडतंय का बघायला हा शेजारी उभा. बायको मंगल म्हणायची, "ह्यांचा सावलीवरबी इस्वास न्हाई. म्हणून भर बाराला भाईर पडत्यात."

पण ह्या सगळ्या संशयांचं मूळ एकच होतं, आणि ते म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचा मेंढपाळ सिद्धू. तीस वर्षांमागं बिरदेवचं एक कोकरू हरवलं. वर्षभरानं सिद्धूच्या कळपात एक मेंढी दिसली. तांबडं तोंड, कपाळावर पांढरा चट्टा, अगदी बिरदेवच्या मेंढ्यांसारखा. बिरदेव पेटला. भरल्या गावासमोर त्यानं सिद्धूला बिरोबाच्या देवळात भंडारा उचलायला लावला. सिद्धूनं मुठीत भंडारा घेऊन शपथ वाहिली, "म्या चोरी केली न्हाई." बिरदेव म्हणाला, "चोराला कसली आलीय शपथ?" जत्रेत पहिला ढोल वाजवायचा मान सिद्धूच्या घराचा होता. तो त्या वर्षापासून गेला. सिद्धू तेव्हापासून देवळाच्या पायरीखालूनच हात जोडतो.

तांबड्या तोंडावरच्या त्या चट्ट्याचा बिरदेवला फार अभिमान. त्याच्या बापाकडं तसल्याच तोंडाची एक मेंढी होती, कानतुटी. लांडग्याच्या जबड्यातून ती अर्धा डावा कान गमावून सुटली, असं बाप सांगायचा. आज बिरदेवकडं सव्वाशे मेंढ्या आहेत, त्या सगळ्या तिच्याच पोटच्या. लहानपणी तिच्या अंगावर रेलून, तुटक्या कानाच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवत तो झोपी जायचा.

गेल्या श्रावणात फलटणहून साक्षी नावाची मुलगी माळावर आली. मेंढ्यांच्या रक्तावरून त्यांच्या वंशाचं झाड काढायचं, कोणता कळप कोणाच्या नात्यातला ते शोधायचं, असं तिचं काम.

"रक्त न्हेऊन काय करणार? इकणार?" बिरदेवनं विचारलं.

साक्षी हसली. "मामा, आईच्या रक्तात काही खुणा असतात. त्या लेकीत उतरतात. क्वचित कधीतरी एखादी नवी खूण पडते, मग ती तिच्या लेकीनातींत जाते. ज्यांच्यात सारख्या खुणा, त्यांना एका फांदीवर बसवायचं."

"म्हंजी मेंढी कुणाची ते कळाया कानाला पाडत्यात त्या खाचंसारखंच की. आमची उजव्या कानाला एक. त्या सिद्ध्याची डाव्या कानाला दोन."

"तसंच. फक्त ही खाच कुणाला कापून टाकता येत नाही."

बिरदेवचे डोळे चमकले. तीस वर्षांनी चोर पकडायची सोय आयती दारात आली होती. "आधी सिद्ध्याच्या मेंढ्यांचं घ्या," तो म्हणाला, आणि रक्त काढेपर्यंत बांधावर उभं राहून राखण केली. सिद्धू बिचारा मुकाट मेंढ्या धरत होता. "लय साळसूद," बिरदेव पुटपुटला. मग स्वतःच्या वीस मेंढ्यांच्या वीस बाटल्यांना त्यानं घोंगडीची काळी लोकर गुंडाळून सात-सात गाठी मारल्या. कुणी बाटली बदलली तर गाठ सांगेल.

पाच महिन्यांनी साक्षी कागद घेऊन आली. डावीकडून एक रेघ निघून फुटत फुटत गेलेली, आणि टोकांना कळपांची नावं. सिद्धूचं नाव आणि बिरदेवचं नाव अगदी चिकटून होतं. बिरदेवनं मांडीवर थाप मारली. "बघा! घावला का न्हाई चोर?"

"शेजारी कोण ते बघायचं नसतं मामा. फाटा कुठं फुटला ते बघायचं." साक्षीनं बोट ठेवलं. "सिद्धूआबांच्या कळपात ह्या फांदीचे चार फाटे आहेत. तुमच्या वीसच्या वीस मेंढ्या त्यातल्या एकाच फाट्यावर आहेत. मेंढी तुमच्याकडून तिकडं गेली असती, तर चार फाटे तुमच्याकडं दिसले असते. तुमची पहिली मेंढी त्यांच्या कळपातली असावी."

"बाटल्या बदलल्या!" बिरदेव ओरडला.

साक्षीनं पिशवीतून बाटल्या काढून घोंगडीवर मांडल्या. तपासणीसाठी बाटलीतलं रक्त काढून घेताना तिनं बुचं तेवढी उघडली होती, लोकरीला हात लावला नव्हता. बिरदेवनं एकेक गाठ मोजली. सगळ्या त्याच्याच होत्या.

"विकत घेतली असेल, कुणी दिली असेल," साक्षी हळूच म्हणाली. "कुठून आली तेवढंच हे झाड सांगतं. कशी आली ते नाही सांगत."

"इकतच घेतली आसंल," बिरदेव म्हणाला. साक्षी गेल्यावरही दोनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एका नव्या कोकराच्या कानाला खाच पाडायला बसला. कात्री चालली, आणि त्याचा हात थांबला. लांडगा नरडं धरतो. उभ्या जन्मात त्यानं लांडग्यानं कान धरलेला पाहिला नव्हता. आणि धरलाच तर चिंध्या होतात. कानतुटीच्या कानाची कड बोटाला अजून आठवत होती, गुळगुळीत, सरळ. डावा कान. सिद्धूच्या घरच्या दोन खाचा जिथं असतात, नेमका तेवढाच भाग नव्हता. बिरदेवनं कात्री खाली ठेवली. आयुष्यभर जगावर संशय घेतला, एक बाप तेवढा सोडला होता.

तो तडक सिद्धूच्या वस्तीवर गेला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. सिद्धू दारात सुतळी वळत होता.

"सिद्धूआबा, कानतुटीचा कान लांडग्यानं न्हवता तोडला."

सिद्धूनं मान वर केली नाही. "ठावं हाय."

"कवापासनं?"

"आमचीच मेंढी. म्या न्हाई वळखणार व्हय?"

बिरदेव त्याच्यासमोर मातीतच बसला. "मग देवळात भंडारा उचलायला लावला, तवा का न्हाई बोलला?"

"आरं, तुझा बा समोर बसला हुता. मान खाली घालून. म्हाताऱ्या माणसाला गावात कशाला उघडं पाडायचं?" सिद्धूनं सुतळीला गाठ मारली. "म्हटलं, त्योच बोलंल."