हानियाचा वाटाड्या

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या त्या नागपूरकराला क्रीट बेटावरचं हानिया गाव तोंडपाठ आहे. बिल्डिंगमधलं कुणी ग्रीसला निघालं की हा त्याला पार्किंगमध्ये गाठतोच.

"बंदराच्या भिंतीवरून चालत दीपगृहापर्यंत जायचं. संध्याकाळीच, दुपारी भाजून निघशील. आणि नाश्त्याला तिथला बुगात्सा पफ चीजचाच घ्यायचा, वरून साखर मारून. क्रीमवाला खाल्लास तर परत मला तोंड दाखवू नको, यार."

बोलता बोलता समोरच्याच्या गाडीवरच्या धुळीत बोटाने नकाशा काढतो. माझ्या डिकीवर तर आख्खं बंदर होतं.

"किती वेळा गेलायस?" मी विचारलं.

"एकदाही नाही. देशाबाहेर पडलो की परत यायला व्हिसाचं स्टॅम्पिंग आलं. ते अडकलं तर नोकरी इथे आणि मी तिकडे. ग्रीन कार्ड आलं की पहिला तिथेच जाणार." आणि त्याच दमात त्याने मला बसस्टँड कुठे आहे ते समजावलं.

मे महिन्यात, त्याने सांगितलेल्या जागांची यादी फोनवर उतरवून घेऊन, आम्ही जाऊन आलो. त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. फोटो दाखवायला लागलो, तर प्रत्येक जागेचं नाव तो माझ्याआधी सांगायचा. दीपगृहाच्या फोटोपाशी मात्र तो थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला काही विचारलं.

"तिथे वास कसला येतो रे?"

वासाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तिथे उभा राहून मी फोनवर त्याचीच यादी बघत होतो, पुढे काय राहिलंय ते.